करंगळीची कळ

डाव्या हाताच्या करंगळीत कळ यायला लागली तेव्हा पहिले दोन महिने मी ती थंडीवर ढकलली. मग कणीक मळण्यावर, मग उशीवर. खरं कारण रोज आठ तास माझ्या पुढ्यात असायचं. मी साताऱ्यात घरूनच मुद्रितशोधन आणि भाषांतर करते. पडद्यावर डावीकडे इंग्रजी मूळ, उजवीकडे मराठी मजकूर आणि दोन्हींमध्ये दिवसभर ये-जा. डॉक्टरांनी हात दाबून पाहिला, विश्रांती घ्या म्हणाले आणि सहज विचारलं, “या बोटानं तुम्ही नेमकं काय करता?” मला सांगता येईना. एकोणीस वर्षं ज्या बोटांवर पोट आहे, त्यातलं एक दिवसभर काय करतं हे मला ठाऊकच नव्हतं.

घरी आल्यावर कीबोर्डच्या शेजारी एक पाठकोरा कागद ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून मोजायला सुरुवात केली. इंग्रजीतून मराठीत किंवा उलट गेले की एक रेघ. ‘ऱ्य’ किंवा ‘ऱ्ह’ लिहिला की एक रेघ. लेखकाची किंवा संपादकाची सुधारणा स्वीकारली वा नाकारली की एक. बाहेरून आणलेला मजकूर त्याचं रंगरूप काढून साधा चिकटवला की एक. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. मोजण्यानं काम मंदावलं, पण संध्याकाळी कागद बोलायला लागला. भाषाबदल २८६, सुधारणा १७४, ऱ्य आणि ऱ्ह मिळून ६३, साधं चिकटवणं ४१. अवतरणचिन्हं दुपारनंतर मोजायची सोडून दिली.

त्याच कागदावर मी समोर बोटंही लिहिली. भाषा बदलायला आल्ट आणि शिफ्ट: डावा अंगठा आणि डावी करंगळी. ऱ्य लिहायला मी र, मग पाय मोडायचं बटण, मग एक न दिसणारं जोडचिन्ह, मग य, असं करत होते. ते जोडचिन्ह म्हणजे झिरो विड्थ जॉइनर. माझ्या विंडोजच्या मराठी मांडणीत ते कंट्रोल-शिफ्ट-१ वर होतं. करंगळी कंट्रोलवर, अनामिका शिफ्टवर आणि त्याच हाताचं मधलं बोट वर १ पर्यंत ताणलेलं. आत्ता वाचणाऱ्यांनी हात टेबलावर ठेवून हे एकदा करून बघावं. मी ते त्या दिवशी ६३ वेळा केलं होतं.

हे सगळं चालू असतानाच कॉम्प्युटरचीही वेळ भरली. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपणार होता आणि विंडोज ११ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप माझ्या जुन्या डेस्कटॉपात नव्हती. चांगलं चालतं यंत्र टाकून द्यायला मन होईना. भाचा पुण्याहून दिवाळीला आला होता, त्यानं भाऊबीजेच्या दुपारी त्यावर विंडोजच्या जागी उबुंटू २४.०४ ही लिनक्स प्रणाली टाकून दिली. वर्डच्या जागी लिब्रेऑफिस आलं. जाताना तो म्हणाला, “मावशी, जुने शॉर्टकट जसेच्या तसे बसवून देऊ का? तुला नवीन काही शिकायला नको.”

मी हो म्हणणारच होते. तेवढ्यात तो कागद आठवला. हाताला सगळं नव्यानं शिकवायचंच आहे, तर जुनी दुखरी वाट पुन्हा कशाला? त्याला म्हटलं, “राहू दे. कुठे काय बदलतात तेवढं दाखव, बदल मी करते.”

पहिला बदल अर्थातच भाषेचा. उबुंटूत मुळात सुपर आणि स्पेस दाबून भाषा बदलते. सुपर म्हणजे विंडोजचं चिन्ह असलेलं बटण. दोन्ही अंगठ्यांचं काम, करंगळी मोकळी, म्हणजे तक्रारीला जागा नको. पण ते दाबलं की पडद्यावर मधोमध भाषांची छोटी पट्टी येते आणि मी वेगात असेन तर पुढचं एखादं अक्षर जुन्याच भाषेत उमटतं. मला एकच बटण हवं होतं, एकदाच दाबायचं, धरून ठेवायचं नाही. आणि सगळ्यात मोक्याच्या जागी बसून सगळ्यात कमी काम करणारं बटण कुठलं, तर कॅप्स लॉक. मराठीत लहान-मोठी लिपीच नाही. माझ्या कामात ते बटण वर्षाला दहा वेळा लागत असेल.

ही जागा त्याची मुळातली नव्हेच. आयबीएमच्या १९८१च्या पहिल्या पीसीच्या कीबोर्डवर ए या अक्षराच्या डाव्या हाताला कंट्रोल होतं. पुढे १०१ बटणांचा कीबोर्ड आला तेव्हा कंट्रोल खाली कोपऱ्यात गेलं आणि कॅप्स लॉक तिथे येऊन बसलं. आपण जी मांडणी निसर्गाने दिल्यासारखी धरून चालतो, ती कुणीतरी एका वर्षी एका टेबलावर ठरवलेली असते. हे कळल्यावर माझी भीड चेपली.

सेटिंग्जमधल्या नेहमीच्या खिडकीत कॅप्स लॉकला हे काम देता येत नाही. त्यासाठी ट्वीक्स नावाचा छोटा प्रोग्रॅम वेगळा घ्यावा लागतो. त्यात कीबोर्डच्या पानावर मांडणीच्या जादा पर्यायांची यादी आहे आणि त्यात ‘दुसऱ्या मांडणीकडे जाणे’ या अर्थाच्या शीर्षकाखाली पुष्कळ तऱ्हा दिल्या आहेत. तिथे कॅप्स लॉकपुढे खूण केली, झालं. शिफ्ट धरून तेच बटण दाबलं तर त्याचं जुनं काम अजून होतं, म्हणजे काही गमावलंही नाही.

एक अडचण मात्र लगेच दिसली. तेच बटण जायला आणि तेच यायला, त्यामुळे आत्ता आपण कुठल्या भाषेत आहोत हे लक्षात ठेवावं लागतं. चुकून दोनदा दाबलं की ‘आणि’च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी. यावरचा उपाय सेटिंग्जमध्येच होता: भाषा सगळ्या खिडक्यांना एकच ठेवायची की प्रत्येक खिडकीची वेगळी लक्षात ठेवायची. दुसरा पर्याय घेतला. आता लिहायची खिडकी मराठीत राहते, शब्दकोश आणि ब्राउझर इंग्रजीत, आणि मी खिडकी बदलली की भाषा आपोआप बदलते. दोन आठवड्यांनी पुन्हा कागद घेऊन मोजलं तेव्हा २८६चे ११८ झाले होते. बाकीचे बदल मला करावेच लागत नव्हते. शॉर्टकट चांगला असण्यापेक्षा तो लागूच नये हे जास्त चांगलं, हे मला त्या दिवशी आकड्यात दिसलं.

दुसरा प्रश्न ऱ्यचा. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण मराठी लिहिणाऱ्या बहुतेकांना तो कधी ना कधी नडतो. साधा र, पाय मोडका, त्यापुढे य लिहिला की रफार होतो: सूर्य, कार्य, दर्या. पण मराठीला दुसराही र लागतो, ‘दऱ्या’तला, ‘वाऱ्या’तला. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या डोंगरातल्या. आचार्यांना आमंत्रण द्यायचं असतं आणि आचाऱ्यांना पंगतीचा आकडा सांगायचा असतो. ही चूक मुद्रितात राहिली तर वाचक सोडत नाही, आणि सोडूही नये.

या आडव्या रकाराचं बटण मी उबुंटूत शोधत होते. मांडणीचं चित्र पडद्यावर उघडून एकेक बटण पाहत गेले. मी वापरते ती इन्स्क्रिप्ट, म्हणजे सरकारमान्य मांडणी: स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. र इंग्रजी जे वर आहे. त्याच बटणावर शिफ्टसकट काय आहे ते पाहिलं, तर ‘ऱ’. खाली टिंब असलेला. तो लिहून पाय मोडला आणि य जोडला की नेमकं ऱ्य उमटतं. जोडचिन्ह नको, कंट्रोल नको, ताण नको. शिफ्ट-जे, डी आणि यचं बटण. हे बटण विंडोजच्या इन्स्क्रिप्टमध्येही तिथेच होतं. मला ज्यांनी शिकवलं त्यांनी जोडचिन्हाची वाट शिकवली आणि मी कधी दुसरी शोधली नाही.

मग पुढची गुंतागुंत पुढे आली. हातात तीनशे पानांचं एक हस्तलिखित होतं. ‘दुसऱ्या’ हा शब्द शोधायला टाकला तर ११ ठिकाणी सापडला, आणि डोळ्यांना तर तो पानोपानी दिसत होता. कारण लेखकानं आणि आधीच्या टंकलेखकानं तो जोडचिन्हाच्या वाटेनं लिहिला होता, मी दुरुस्त केलेल्या जागी मात्र ‘ऱ’च्या वाटेनं. कागदावर छापलं तर दोन्ही हुबेहूब सारखे. कॉम्प्युटरला मात्र ते दोन वेगळे शब्द. शब्दसूची करताना, शोधा-बदला करताना, पुढे कधी ई-बुक झालं तर वाचकाला शोधताना, सगळीकडे ही फट राहणार.

म्हणून मी पहिल्यांदा मॅक्रो केला, म्हणजे एकदा केलेल्या कृती नोंदवून ठेवल्या, की पुढे त्या एका बटणानं आपोआप होतात. लिब्रेऑफिसच्या ऑप्शन्समध्ये अॅडव्हान्स्ड या पानावर मॅक्रो रेकॉर्ड करण्याची परवानगी द्यावी लागते, नाहीतर तो पर्याय मेनूत दिसतच नाही. परवानगी दिली, रेकॉर्डिंग चालू केलं, शोधा-बदलाची खिडकी उघडली, ‘र, हलन्त, जोडचिन्ह’ हा तुकडा मजकुरातूनच कॉपी करून वरच्या चौकटीत टाकला, खालच्या चौकटीत ‘ऱ, हलन्त’, सगळीकडे बदला, रेकॉर्डिंग बंद. मग टूल्समधल्या कस्टमाइझमध्ये कीबोर्डच्या पानावर जाऊन तो मॅक्रो एका बटणाला बांधला. आता कुणाचीही फाइल आली की वाचायला बसण्याआधी मी ते बटण दाबते. त्या तीनशे पानांत १,४०० च्या वर जागा बदलल्या. आकडा पाहून मी थोडा वेळ नुसती बसून राहिले.

ते कीबोर्डचं पान नीट समजून घेण्यासारखं आहे. वर बटणांच्या जोड्यांची लांबलचक यादी, खाली तीन रकाने: कामाचा प्रकार, काम, आणि त्या कामाला आधीच दिलेली बटणं. वर उजवीकडे दोन पर्याय असतात. एकात बदल सगळ्या लिब्रेऑफिसला लागू होतो, दुसऱ्यात फक्त रायटरला, म्हणजे त्यातल्या लेखनाच्या प्रोग्रॅमला. मी पहिल्या दिवशी हे न बघता बदल केले आणि स्प्रेडशीटमध्ये हिशेब करायला गेले तेव्हा तिथली बटणं भलतीच कामं करायला लागली. सगळं पुसून पुन्हा रायटरपुरतं केलं.

सुधारणा स्वीकारण्या-नाकारण्याला तिथे मुळात एकही बटण दिलेलं नाही, म्हणून दिवसाला १७४ वेळा हात माउसकडे जात होता. यादीत शोधल्यावर ‘स्वीकारा आणि पुढच्यावर जा’ असं एकच काम सापडलं, म्हणजे दोन टिचक्यांची एक झाली. ते एफ९ वर ठेवलं, ‘नाकारा आणि पुढच्यावर जा’ एफ१२ वर. मुळात एफ९ फील्ड ताजी करतं आणि एफ१२ क्रमांकांची यादी चालू करतं. ही दोन्ही कामं मी करत नाही. दोन्ही बटणं मुद्दाम लांब ठेवली, कारण लेखकाचा शब्द नाकारताना बोट चुकून तिकडे गेलेलं मला चालणार नाही. साधं चिकटवण्याला मुळात कंट्रोल-आल्ट-शिफ्ट-व्ही अशी चार बटणं आहेत. त्या जागी कंट्रोल-शिफ्ट-व्ही केलं.

व्हीवरून एक सांगते. कट, कॉपी, पेस्ट ही कल्पना ज्यांनी घडवली त्यांच्यात लॅरी टेस्लर यांचं नाव पहिलं घेतात. १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात ते हे काम करत होते. २०२०मध्ये ते गेले. एक्स म्हणजे काट, सी म्हणजे कॉपी आणि व्ही हा मजकूर घालायच्या जागेकडे बोट दाखवतो, असा त्या अक्षरांमागचा अर्थ सांगतात. प्रुफं वाचणाऱ्याला हे वाचून आनंद होतो, कारण तीच आपली जुनी खूण आहे, उलटी केलेली: हंसपद. सुटलेला शब्द घालायचा असेल तिथे ओळीखाली हंसाचा पाय काढायचा आणि शब्द समासात लिहायचा. मी पहिली दहा वर्षं लाल शाईनं रोज शेकड्यांनी हंसपदं काढली. कंट्रोल-व्ही दाबताना मी अजूनही तीच खूण करते, हे कळल्यापासून त्या बटणाची माझ्याशी वेगळी ओळख झाली.

मराठी मांडणी चालू असताना मात्र त्या बटणांवर सी आणि व्ही नसतात, म आणि न असतात. विंडोजवर याचा कधी त्रास झाला नाही. लिनक्सवर बहुतेक प्रोग्रॅम समजून घेतात, कारण भाषांच्या यादीत इंग्रजीही असते. ती मी पहिल्या क्रमांकावर ठेवलीय. एका जुन्या शब्दकोशाच्या प्रोग्रॅमला मात्र कंट्रोल-म म्हणजे काय ते कळतच नाही. तिथे आधी भाषा बदलायची आणि मग कॉपी करायचं, दुसरा इलाज नाही.

एक दिवस जीव उडाला तोही सांगते. मॅक्रोसाठी मोकळी जोडी शोधत होते. कंट्रोल-आल्ट-एफ३ बरी वाटली, म्हणून कस्टमाइझच्या खिडकीत जाण्याआधी नुसती दाबून पाहिली. पडदा काळा. डाव्या कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांत एक ओळ आणि नाव विचारणारी रेघ. मागे चाळीस पानं उघडी, शेवटचं सेव्ह कधी केलं ते आठवेना. हात बटणावरून काढून घेतला आणि भाच्याला फोन लावला.

“मावशी, वायर काढू नकोस. कंट्रोल-आल्ट-एफ२ दाब.”

दाबलं. माझी खिडकी जशीच्या तशी परत आली, कर्सर सोडला तिथेच. त्यानं मग समजावलं की लिनक्समध्ये एकाच वेळी अशा वेगवेगळ्या खोल्या चालू असतात, कंट्रोल-आल्ट आणि एफ१ ते एफ६ ही त्यांची दारं आहेत, आणि चित्रमय पडदा मोडला तर आत शिरायला हीच वाट उपयोगी पडते. तेव्हापासून नवीन जोडी आधी शोधते, मग दाबते. सेटिंग्जच्या यादीत ती वापरात असेल तर ‘ही आधीच अमक्या कामाला दिलेली आहे, बदललीत तर ते काम बंद होईल’ असं कॉम्प्युटर स्वतःच सांगतो. पण ही दारं त्या यादीत नाहीत, एवढं ध्यानात ठेवावं.

अवतरणचिन्हांचं काम शेवटी घेतलं आणि त्यातच सगळ्यात जास्त वेळ गेला. लिब्रेऑफिस सरळ चिन्हांची वळणदार चिन्हं आपोआप करतं, पण ’७५ साली असं लिहायला गेलं की तिथे उघडणारं चिन्ह घालतं, डॅशनंतरही चुकतं. मला ती हातानं घालायची होती. सेटिंग्जमध्ये कंपोज की नावाची सोय आहे: एक बटण त्यासाठी नेमायचं, ते दाबून सोडायचं, मग एकामागून एक दोन चिन्हं दाबायची की तिसरंच चिन्ह उमटतं. उजवं आल्ट मराठी मांडणीला जादा अक्षरांसाठी लागतं, म्हणून मी त्याच्या शेजारचं मेनूचं बटण नेमलं. इंग्रजीत सुरेख चाललं. मेनू, मग ‘पेक्षा लहान’चं चिन्ह (<), मग सरळ अवतरण, की उघडणारं वळणदार चिन्ह हजर. मराठीत काहीच होईना.

अर्धा दिवस मी सेटिंग चुकलं असेल म्हणून शोधत होते. मग लक्षात आलं. ही सोय बटण बघत नाही, उमटणारं अक्षर बघते. आणि मराठी मांडणीत ‘पेक्षा लहान’च्या चिन्हाच्या जागी ‘ष’ आहे. ‘मेनू, ष’ असं काही त्या यादीत नाही, म्हणून तो गप्प बसतो.

यादी मात्र वाढवता येते. आपल्या होम फोल्डरमध्ये टिंबानं सुरू होणाऱ्या नावाची एक साधी फाइल लिहायची. असं नाव असलेली फाइल एरवी दिसत नाही, कंट्रोल-एच दाबलं की दिसते. पहिल्या ओळीत मूळची यादी यात धरा असं सांगायचं, ही ओळ विसरलात तर आधीची सगळी चिन्हं जातात. पुढे आपल्या ओळी. मी लिहिलं: मेनू, क, क म्हणजे उघडणारं दुहेरी चिन्ह. मेनू, त, त म्हणजे बंद होणारं. क आणि त ही इन्स्क्रिप्टमध्ये उजव्या हाताखाली शेजारी-शेजारी आहेत. आणि मेनू, अ, अ म्हणजे ‘ॲ’. हे अक्षर मी वर्षानुवर्षं ‘अ’ आणि वरचा चंद्र असं दोन तुकड्यांत लिहीत आले, कारण मी शिकले तेव्हा ते एकसंध अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, नव्हतंच, २००८च्या ५.१ आवृत्तीत ते आलं. काही फाँटमध्ये माझ्या तुकड्यांच्या मधे टिंबांचं वर्तुळ उमटायचं आणि अक्षरजुळणीवाल्यांचे फोन यायचे. फाइल सेव्ह केली, लॉग आउट करून परत आले, मेनू-अ-अ दाबलं. ‘ॲ’.

बाबा तेव्हा मागे आरामखुर्चीत होते. त्यांनी सरकारी कचेरीत तीस वर्षं गोदरेजच्या मराठी टाइपरायटरवर काढली. “पहिलं बटण दाबलंस तेव्हा काहीच उमटलं नाही, पुढच्याची वाट बघत होतं,” ते म्हणाले, “आमच्याकडे अनुस्वाराचं तसंच होतं. दाबलं तरी गाडी पुढे सरकायची नाही. मग अक्षर मारायचं, म्हणजे दोन्ही एकावर एक.” मग थोडं थांबून म्हणाले की अर्ध्याच्या अपूर्णांकाचं बटण त्यांना लागत नसे, तेव्हा दुरुस्तीला आलेल्या मेकॅनिककडून त्यांनी त्या दांडीवरचा टाइप काढून दुसरा डाक देऊन बसवून घेतला होता. कुठला, ते त्यांना आठवेना. मी त्यांना खुर्ची ओढून बसवलं आणि मेनू-क-क त्यांच्याकडून दाबून घेतलं. त्यांचं बोट अजून वरून खाली मारतं, दाबत नाही.

राहिली एक छोटी गोष्ट. उबुंटूत स्वतःचा शॉर्टकट करताना नाव, आज्ञा आणि बटणं अशा तीन चौकटी भरायच्या असतात. ‘आजची प्रुफं’ हे फोल्डर एका जोडीनं उघडावं म्हणून मी आज्ञा लिहिली, घरच्या फोल्डरसाठी नागमोडी रेघेचं चिन्ह वापरलं, जसं टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, वापरतात. जोडी दाबली, काहीच नाही. ना चूक दाखवली, ना फोल्डर उघडलं. त्या चौकटीला ते चिन्ह समजत नाही, पूर्ण पत्ता लिहावा लागतो, आणि फोल्डरच्या नावात मोकळी जागा असेल तर पत्ता अवतरणात घालावा लागतो. तेवढं केल्यावर उघडलं.

हाताला सवय लागायला साधारण सहा आठवडे गेले. एका आठवड्यात दोनच बदल, असं मी ठरवून घेतलं होतं, आणि त्या दोनांची चिठ्ठी पडद्याच्या खालच्या कडेला चिकटवलेली. एकदम दहा बदल केलेल्या आठवड्यात मला एकही राहिला नाही. सगळं बसल्यावर लिब्रेऑफिसच्या त्याच कीबोर्डच्या पानावरून सेव्ह करून फाइल पेनड्राइव्हवर ठेवली, कंपोजची फाइलही तिच्याशेजारी.

सोमवारी एका प्रकाशकांकडे जाऊन त्यांच्या विंडोजवर बसावं लागतं. पहिल्या सोमवारी कॅप्स लॉक दाबून मी अर्धं पान इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहिलं. विंडोजवरही हे करता येतं: मायक्रोसॉफ्टच्याच पॉवरटॉइजमध्ये कीबोर्ड मॅनेजर आहे, त्यात एका बटणाचं काम दुसऱ्याला देता येतं. तो प्रोग्रॅम चालू असेल तोवरच ते टिकतं, आणि विंडोज-एल, कंट्रोल-आल्ट-डिलीट या जोड्या त्याला बदलता येत नाहीत. वर्डमध्ये तर वेगळं काही न घेता, ऑप्शन्समधल्या कस्टमाइझ रिबनच्या पानावर तळाशी कीबोर्डसाठी बटण आहे. तिथे नवीन जोडी दाबली की ती आधी कशाला दिलीय हे लगेच दिसतं. पण तो कॉम्प्युटर चार जण वापरतात, त्यांचे हात मी का बिघडवू? तिथे मी शिफ्ट-जेची वाट तेवढी वापरते, ती सगळीकडे सारखी आहे.

जानेवारीत पुन्हा डॉक्टरांकडे गेले. दुखणं बरंच उतरलंय, संध्याकाळी थोडं जाणवतं. या वेळी त्यांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं. ओ आणि औ च्या मात्रा, ख, घ, थ, ध यांच्यासाठी शिफ्ट, आणि कॅप्स लॉक. आणि अ, आ, इ, उ साठीही मी डावंच शिफ्ट दाबत होते. ते स्वर डाव्या हाताखालीच आहेत, तेव्हा शिफ्ट उजवं हवं. ते आता बदललंय. कॅप्स लॉक अजून करंगळीकडेच आहे. ट्वीक्सच्या यादीत त्याच कामासाठी उजव्या कंट्रोलचाही पर्याय दिसतो. या आठवड्याच्या चिठ्ठीवर तो लिहिलाय.